पाळीवरची वाट

"कुरखेडा तालुक्यातला कुठलाही मोठा मामा तलाव घ्या, ताई. पाळीवर चढायला वीस पावलं लागतात. एकदा वर आलं की पुढं सगळं सपाट. ना चढ, ना दगड, ना काटे. गुडघे धरलेल्या माणसानं, शाळेच्या पोरानं, काठी टेकत आलेल्या आजीनं चालावं अशी सोपी वाट आपल्या आधीच्यांनी बांधूनच ठेवली आहे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या. डिसेंबरात पहाटे जा, तलवार बदकं, लालसरी, वारकरी सगळे हजर. अडई आणि कमळपक्षी तर बारा महिने घरचेच. हे बघायला लोक भरतपूरला जातात. आपण दोन किलोमीटरची वाट नीट आखली, चार जागी बसायची सोय केली, गावातली पाच पोरं वाटाडे म्हणून तयार केली, तर बिघडलं कुठं?"

गुरुजी निवृत्त झाल्यापासून दुर्बीण घेऊन हिंडतात. ज्यांना ते हे सांगत होते, त्या ताईंची उमेदीची वर्षं ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्यांच्या वह्या लिहिण्यात गेली. गुरुजींच्या बोलण्यात सगळ्यात आधी त्यांना खटकलं ते आखणं नाही, खर्चही नाही. 'सोपी' हा शब्द.

"सोपी कोणाला?" ताई म्हणाल्या. "पाळ सपाट आहे ती तुम्हाआम्हाला फिरता यावं म्हणून नाही. कोहळी समाजानं माती कालवून, थरावर थर देऊन, तुडवून ती बसवली, कारण तिला पाणी धरायचं होतं. आणि वरून चालता यावं अशी ठेवली, कारण पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन कोणीतरी तिच्यावरून फिरायलाच हवं. खेकड्यानं बीळ केलं का, उंदरानं पोखरलं का, बाहेरच्या अंगाला पाझर फुटला का, हे पायानं आणि डोळ्यानं कळतं. आता तुमच्या वाटेला मंजुरी मिळाली असं धरू. पहिलं काय येईल? सिमेंटचे गट्टू! ते एकदा बसले की खालची माती चिरली तरी दिसणार नाही. मग रेलिंग. मग 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव, रात्री लाल दिव्यांत. शहरातल्या तलावांचं सुशोभीकरण आपण पाहिलंय, गुरुजी. काठाला दगड बसवून तलावाची बशी करतात आणि मग बदकं का येत नाहीत म्हणून समिती नेमतात."

गट्टूंच्या बाबतीत गुरुजींनी लगेच हात टेकले. वाट मातीचीच राहील, बाकं लाकडाची, दिवे अजिबात नाहीत, हे त्यांनी ताईंच्या तोंडून येण्याआधीच कबूल करून टाकलं. पण मूळ मुद्दा त्यांनी सोडला नाही.

"तुम्ही म्हणता, पाळ कामाची आहे. मी म्हणतो, काम करणारा राहिला कुठं? गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन मिळायची, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या लोभानं का होईना, कोहळ्यांनी तलाव बांधले. पुढं मालगुजार ते राखून होते, कारण धान त्यांचा होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. नाव गोड झालं, पण मामाला भाचा उरला नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधाऱ्याकडं, मासे सोसायटीकडं, गाळ कोणाकडंच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. किती पाळींवरून आज रात्री कोणी कंदील घेऊन फिरतं? बेशरमीच्या झुडपांनी पोट भरलेले तलाव मी दाखवू का? माझ्या वाटेवरून रोज दहा माणसं चालली तर निदान दहा जोडी डोळे पाळीवर पडतील. पाझर कोणाला तरी दिसेल."

हा युक्तिवाद वाटतो तितका भाबडा नाही. ज्या वाटेवरून कोणी जात नाही ती वाट बुजते, आणि ज्या पाळीवरून कोणी जात नाही ती पाळ फुटायची वेळ येईपर्यंत कोणाला आठवत नाही. तलावाखालच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

ताईंनी उत्तर दिलं ते मात्र दुसऱ्याच बाजूनं. "तुमच्या आराखड्यावर वर काय लिहिलंय? 'पाणथळ निसर्ग भ्रमणमार्ग'. पाणथळ! २०१७ चे केंद्राचे पाणथळ नियम काढून बघा. त्यात पाणथळ कशाला म्हणू नये याची यादी दिली आहे. नदीचं पात्र नाही, धानाचं शेत नाही, आणि सिंचनासाठी माणसानं बांधलेला जलसाठाही नाही. म्हणजे आपला मामा तलाव कायद्यानं पाणथळच नाही. इराणमध्ये रामसर गावी १९७१ साली जो करार झाला, त्यानं माणसानं बांधलेलं पाणीही पाणथळ धरलं. आपल्या नियमांनी ते बाहेर काढलं. आणि सारस कुठं घरटं करतो? धानाच्या बांधीत! महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, कुरखेड्याच्या शेजारी. पुरुषभर उंचीचा पक्षी, आणि त्याची ओली जागा कायद्याच्या हिशेबी कोरडी. अशा ठिकाणी तुम्ही 'निसर्ग' अशी पाटी लावता तेव्हा धोका कोणता, माहीत आहे? संरक्षण मिळत नाही, फक्त पाटी मिळते. आणि पाटी लागली की जो निसर्गात बसत नाही तो उपरा ठरतो. म्हणजे जाळं घेऊन आलेला ढिवर, म्हशी घेऊन आलेला गोवारी."

"उलट आहे, ताई," गुरुजी म्हणाले. "कायद्यानं हात झटकले म्हणूनच लोकांचा हात लागायला हवा. आणि माणसानं बांधलं म्हणून ते निसर्ग नाही, हे मला मान्य नाही. नवेगावबांध कोणी बांधला? कोलू पाटील कोहळ्यानं. 'सात बहिणी' नावाच्या डोंगरांमधली वाट अडवली आणि पाणी धरलं. आज तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, १९७५ पासून. भरतपूरचं केवलादेव म्हणजे तरी काय, अठराव्या शतकातल्या बांधाच्या पाण्यावर पोसलेली दलदल. नाशिककडचं नांदूर मधमेश्वर पाहा. गोदावरीवर बंधारा घातला, मागं गाळ साचला, गाळावर गवत आलं, गवतावर पक्षी आले. ते १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथं मनोरे आहेत, वाटा आहेत, आसपासच्या गावांतली पोरं पक्षी दाखवून चार पैसे कमावतात. तिकडं चालतं, मग कुरखेड्यात का चालू नये?"

"भरतपूरचं नाव तुम्ही दोनदा घेतलंत, तेव्हा ती गोष्ट पुरी करू," ताई म्हणाल्या. "१९८२ मध्ये तिथं म्हशींना बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या त्या म्हशी. लोक चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. कशासाठी? पक्ष्यांसाठी. आणि पुढं मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेनं वर्षानुवर्षं अभ्यास करून काय सांगितलं? म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजलं, उघडं पाणी आकसलं, बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. म्हणजे म्हैस ही त्या दलदलीची माळीण होती, आणि आपण माळणीलाच कुंपणाबाहेर काढलं. तुमची वाट आज दोन किलोमीटरची आहे. उद्या तिच्या बाजूनं शेण दिसलं की फिरायला आलेला साहेब नाक मुरडेल. परवा तारेचं कुंपण."

इथं गुरुजी थोडे गप्प झाले. भरतपूरचा हा भाग त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. तो आपल्या बाजूनं कसा मांडावा, हे सुचत नव्हतं. मग त्यांनी ओडिशाकडं धाव घेतली.

"चिलिका सरोवराच्या काठी मंगलाजोडी म्हणून गाव आहे. तिथले लोक बदकं मारून विकायचे, सर्रास. २००० च्या सुमारास गावातच पक्षी राखणारी समिती उभी राहिली आणि त्याच शिकाऱ्यांनी डोंग्यात पाहुणे बसवायला सुरुवात केली. पक्षी कुठं बसतो हे शिकाऱ्याइतकं कोणाला कळतं? कुंपण घालायला बाहेरून कोणी आलं नाही, कारण राखणारा आतलाच होता. आपल्याकडं ढिवर आहेत. देवधान कुठं उगवतं, मरळ कुठं पिलं घेऊन फिरते, कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांना पाठ आहे. अर्जुनी मोरगावकडं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं नेमकं हेच केलं. ढिवरांना विचारून उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरलं, बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती परत लावल्या. मासा परतला. पाठोपाठ पक्षीही. मग अशा माणसाच्या मागून चालण्यात कमीपणा कसला? मी तर म्हणतो, वाटाडे तेच असावेत आणि पक्ष्यांची नावं त्यांनी सांगावीत. पक्ष्यांवर लिहिणारे चितमपल्ली नवेगावला राहिले ते अशाच माणसांकडून शिकत राहिले."

जाता जाता एक गोष्ट. इथल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून ज्या पाळीविषयी हे दोघं भांडत होते ती गावच्या तोंडी 'पार' असते. आराखड्यावर मात्र 'बंड' लिहिलेलं असतं, ते इंग्रजीतून आलेलं. एकाच मातीच्या ढिगाला तीन नावं, आणि प्रत्येक नावामागं त्या मातीवर हक्क सांगणारा वेगळा माणूस.

मंगलाजोडीचं उदाहरण ताईंना आवडलं. म्हणूनच त्यांनी त्यातली फट शोधली. "चिलिका खाडीसारखं पसरलेलं पाणी आहे, पक्षी सगळीकडं. आपला तलाव तसा नाही. पाळ एका बाजूला. पाणी सगळ्यात खोल कुठं? पाळीला लागून. उथळ कुठं? समोर, जिथून नाला येऊन मिळतो तिथं. आता सांगा, बदक कुठं चरतं? पाणलावा कुठं चिखल उकरतो? करकोचा गोगलगाय कुठं शोधतो? समोरच्या ओल्या काठावर. पाणी रोज चार बोटं मागं सरकतं आणि रोज नवा चिखल उघडा पडतो, तीच त्यांची पंगत. पाळीवरून ते ठिपक्याएवढे दिसतात. तुमच्याकडं दुर्बीण आहे. आजीकडं नाही, शाळेच्या पोराकडं नाही. पहिल्या वर्षी लोक ठिपके बघतील. दुसऱ्या वर्षी म्हणतील, वाट जरा पलीकडं वळवा, जवळून बघू. आणि तिसऱ्या वर्षी वाट तलावाला वळसा घालून नेमकी त्या पंगतीतून जाईल. त्या चिखलात फक्त पक्षी नाहीत, गुरुजी. पाणी ओसरलं की तिथं गाळपेर करणारी माणसं आहेत. बिनजमिनीची माणसं. सोपी वाट नेहमी दुसऱ्याच्या जागेवरून जाते."

हे मात्र गुरुजींना पुरतं लागलं. तलावाचं हे एकअंगी शरीर, इकडं खोल आणि तिकडं उथळ, त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. वाट आखताना मात्र कागदावरचा तलाव त्यांनी परातीसारखा गोल धरला होता. त्यांनी सरळ कबूल केलं की समोरच्या काठाला वाट कधीच जाऊ द्यायची नाही. वाट पाळीवरच संपेल, आली तशी परत फिरेल. लोकांना ठिपके दिसले तर दिसोत. पाळीच्या टोकाला एक दुर्बीण तिवईवर ठेवता येईल.

मग ते उलट बाजूनं सरसावले. "पण मला एक सांगा, ताई. तुमच्या मनातली वाट कोणती? मुळीच नको, हेच ना? आपल्या तालुक्यातली पोरं दहावीला गेली तरी त्यांना तलावात बदक दिसलं तर ते कोणतं, हे सांगता येत नाही. सारस तर चित्रातला. नागपूरचा माणूस गाडी करून येतो, ताडोब्यात वाघ बघून जातो. इथल्या पोराला वाघ ठाऊक तो वर्तमानपत्रातला, नाहीतर गोठ्यातल्या मेलेल्या वासराजवळच्या ठशातला."

"वाघाचं तुम्ही काढलंत हे बरं झालं." ताईंचा आवाज खाली आला. "सोप्या वाटेच्या आराखड्यात तो कुठं आहे? आपण वडसा वनविभागात राहतो. सीटी-१ नावाच्या वाघानं वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या वनविभागांत मिळून १३ माणसं मारली, तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पकडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडकडून हत्ती आले. पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेलं जनावर, एकदम कळपानं. धानात शिरले, घरं पाडली. हत्तीला पाणी लागतं, आणि पाणी कुठं आहे? तलावात. संध्याकाळी पाळीच्या मधोमध आजी काठी टेकत उभी आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि टोकाशी हत्ती. पळायला वाट एकच. तीच तुमची सोपी वाट."

यावर गुरुजींकडं तयार उत्तर होतं, आणि ते वाईट नव्हतं. वाट रोज उघडी ठेवायची नाही. सकाळी उजाडल्यावर चार तास, वाटाड्याशिवाय नाही, दहापेक्षा जास्त माणसं नाहीत. वनखात्याचा निरोप आला की बंद. जुलै-ऑगस्टात, पहिल्या पुराच्या वेळी मासे सांडव्याकडून उलट्या धारेनं चढतात तेव्हा बंद. महिना-दीड महिना पाळ ओली असते तेव्हा बंद, कारण ओल्या पाळीवर खूप पाय पडले की तीही खचते. मासेमारीच्या दिवशी ढिवर म्हणतील तर बंद, नाहीतर त्यांनीच ठरवून उघडी, आणि पाहुण्यानं तिथंच ताजा मासा विकत घ्यावा. एक सकाळची फेरी, तीही थंडीतली तीन-साडेतीन महिने. "वाट कमी दिवस उघडी राहिली तर आजी जास्त दिवस जिवंत राहील, एवढं मलाही कळतं," असंही ते म्हणाले. ताईंना पहिल्यांदाच हसू आलं.

"आणि हे बंद-उघड ठरवणार कोण?"

"ग्रामसभा. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावर, चराईवर गावाचा सामूहिक हक्क लिहिलाय. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात. जिथं असे हक्क मिळाले आहेत तिथं वनखात्यानं आखलेली वाट ग्रामसभेच्या डोक्यावरून जाऊच शकत नाही. तिकिटाचे पैसेही ग्रामसभेच्या खात्यात."

"ग्रामसभा म्हणालात की सगळं मिटलं असं वाटतं," ताई म्हणाल्या, "पण भांडण तिथंच सुरू होतं. तलावाचं पाणी आजच दोन तोंडांनी ओढलं जातं. धान निसवला की शेवटचं पाणी हवं, तेव्हा तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतात, ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. हलका धान आधी सुटतो, भारी धानाला पुढंपर्यंत लागतं. ढिवराला वाटतं, थोडं पाणी राखा, नाहीतर बोटुकली सोडली ती उन्हाळ्यापर्यंत वाढायची कशी? ही ओढाताण जुनी आहे. आता तुम्ही तिसरं तोंड आणताय. तुमच्या पाहुण्यांना डिसेंबरात पाणी हवं, पण फार नको. तुडुंब असेल तर बदक बुडी मारून चरणारंच येईल, चिखलातला पक्षी येणार नाही. कोरडं असेल तर कोणीच नाही. पाऊस चांगला झाला त्या वर्षी तिघांचंही भागेल. पाऊस दगा देईल त्या वर्षी? खात्यात तिकिटाचे पैसे येत असतील, सरपंचाच्या भिंतीवर सारसाचा फोटो असेल, तर तुडूम उघडताना पहिल्यांदाच कोणीतरी म्हणेल, थांबा, हंगाम जाऊ द्या. आजवर कोणी तसं म्हणालं नव्हतं. तलाव धानासाठी बांधला होता, गुरुजी. बघण्यासाठी तो भरलेला ठेवायचा, ही मागणी तीनशे वर्षांत पहिल्यांदा येईल. तुमच्या वाटेची माती, बाकं, दिवे हे सगळं मी सोडून देते. मला भीती या एका दिवसाची आहे."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. वाटेनं पक्षी उठतील, कचरा होईल, गुरं हाकलली जातील, या आक्षेपांची उत्तरं त्यांच्याजवळ होती. वाट यशस्वी झाली तर काय, याचं उत्तर त्यांनी तयार केलेलं नव्हतं. ते कोणीच तयार ठेवत नाही.

"ढिवरांना पाणी राहिलेलं हवंच आहे," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी पाहुणा आणि ढिवर एका बाजूला येतील. इतकी वर्षं ढिवराचं कोणी ऐकलं नाही. माझ्या वाटेमुळं त्याच्या बाजूला थोडं वजन पडलं, तर ते तुम्हाला नको आहे का? तुम्हीच त्यांच्या वह्या लिहिता."

हा डाव ताईंना अपेक्षित नव्हता. "हवं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पण खाली ज्याची दीड एकर बांधी आहे आणि विहीर नाही, तोही काही मालगुजार नाही. ढिवराच्या बाजूला वजन टाकायचं ते त्याच्या डोक्यावरून उचलून? आणि उद्या पाहुणे यायचे थांबले की ढिवर एकटाच राहील, वर धानवाल्यांशी वैर घेऊन."

गुरुजींनी आराखड्याचा कागद पुढं ओढला. वाटेची रेघ जिथं तुडुमाजवळून जात होती तिथं त्यांनी पेन्सिलीनं फुली मारली. "इथं दगडावर खूण करायची. याच्या खाली पाणी उतरू द्यायचं नाही. समजा, दोन फूट राखले. तर खालच्या किती बांध्यांचं शेवटचं पाणी तुटेल?"

ताईंनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, पाटाच्या पहिल्या फाट्यापासून, एकेक बांधी नावानिशी लिहायला घेतली. सातव्या बांधीपाशी त्या थांबल्या. ती एका ढिवराचीच होती.